पाच कोश, चार देह, सात शरीरं: तक्ता का जुळत नाही?

पत्र

मी महावितरणमधून निवृत्त झालेला अभियंता, वय ६२, राहणार सांगली. योगासनांचा वर्ग बरीच वर्षं चालू आहे आणि शनिवारी आमच्या वाचनमंडळात दासबोध असतो. दिवाळीपासून एका ऑनलाइन ऊर्जा-साधनेच्या वर्गाला बसतो. तिथे माणसाला सात शरीरं असतात, विश्वाचे सात स्तर असतात आणि प्रत्येक शरीर एकेका स्तरावर वावरतं असं शिकवतात. योगवर्गात पंचकोश सांगतात आणि दासबोधात चार देह. मी एक्सेलमध्ये तीन रकाने मांडून पाहिले, ओळी काही जुळत नाहीत. प्राणमय कोश सातांपैकी कितवा? महाकारण देह कुठे बसवायचा?

दुसरं असं, की वर्गातला वेगाने श्वास घ्यायचा प्रकार केला की ओठ आणि बोटं झिणझिणतात. पहाटे साडेतीनला उठून बसतो, तेव्हा एक-दोनदा स्वतःला वरून पाहिलं. गुरुजी म्हणाले, तुमचं सूक्ष्म शरीर बाहेर पडू लागलंय. मग ऑराचा, म्हणजे शरीराभोवतीच्या तेजोवलयाचा, फोटो काढायला लावला. त्यात डाव्या बाजूला राखाडी डाग आला. ती ऊर्जा-शरीराला पडलेली फट आहे म्हणे. ती सांधायला तीन बैठका, ४५ हजार रुपये. रक्तदाबाच्या गोळीचं विचारलं तर म्हणाले, सूक्ष्मात बरं झालं की स्थूल आपोआप सुधारतं. मी गोळी निम्मी केली आहे. घरी सांगितलेलं नाही.

सौ.च्या मते हे सगळं थोतांड आहे, आणि दासबोधही ती त्यातच घालते. आमच्यात कोण बरोबर? पैसे भरू का?

– रकान्यांत अडकलेला, सांगली

उत्तर

नमस्कार,

तक्त्याकडे येतो, पण आधी गोळी. हे वाचून झालं की डॉक्टरांना फोन करा आणि आपण होऊन मात्रा निम्मी केल्याचं सरळ सांगा. रागावले तर रागावू द्या. रक्तदाब वाढलेला बहुतेकांना जाणवत नाही, त्यामुळे ‘मला तर काही होत नाही’ या म्हणण्याला इथे काडीची किंमत नाही. शिवाय काही गोळ्या अशा असतात की एकदम कमी केल्या तर रक्तदाब उसळी मारून वर जातो. तुमची गोळी कुठली ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून परत पूर्ण मात्रेवर कसं यायचं तेही डॉक्टरांनाच विचारा. आणि वहिनींनाही आजच सांगा. रात्री-अपरात्री काही झालं तर धावपळ त्यांनाच करायची आहे.

सूक्ष्म सुधारलं की स्थूल आपोआप, हे वाक्य कानाला छान लागतं. पण ज्या उपनिषदातून तुमचे पंचकोश आले, ते असं बोलत नाही. तैत्तिरीय उपनिषद अन्नाला ‘सर्वौषध’ म्हणतं. भृगुवल्लीत तर गंमतच आहे. भृगू वडिलांकडे, वरुणाकडे, जातो आणि म्हणतो, मला ब्रह्म शिकवा. वरुण त्याला व्याख्यान देत नाही. एक खूण सांगतो, ज्यातून ही भूतं जन्मतात, ज्याने जगतात आणि ज्यात परत जातात ते शोध, आणि तपाला बसवतो. भृगू तप करून येतो आणि सांगतो, अन्न हेच ब्रह्म. पण समाधान होत नाही. वडील म्हणतात, पुन्हा तप कर. मग प्राण, मग मन, मग विज्ञान आणि शेवटी आनंद. एवढं शिखर गाठल्यावर उपनिषद पुढे काय म्हणतं? ‘अन्नं न निन्द्यात्। तद् व्रतम्।’ अन्नाची निंदा करू नये, हे व्रत. अन्न टाकू नये, अन्न वाढवावं, दारी आलेल्याला आसरा नाकारू नये. आनंदापर्यंत पोचलेल्या भृगूला पुन्हा चुलीपाशी आणून बसवलं आहे. अन्नमय म्हणजे खालच्या पायरीचं, दुर्लक्ष केलं तरी चालेल असं काहीतरी, ही समजूत या ग्रंथातून निघत नाही.

आता तक्ता.

तुमच्या तीन रकान्यांपैकी दोन बऱ्यापैकी जुळतात. वेदान्ताच्या नेहमीच्या मांडणीत अन्नमय कोश म्हणजे स्थूल देह. प्राणमय, मनोमय आणि विज्ञानमय हे तीन मिळून सूक्ष्म देह. आनंदमय म्हणजे कारण देह. स्थूलाला जागृती, सूक्ष्माला स्वप्न आणि कारणाला गाढ झोप अशी जोडही लावून दिलेली आहे. तेव्हा प्राणमय कोशाला तुमच्या तक्त्यात वेगळी ओळ नको, सूक्ष्माच्या ओळीतच तो मनोमय-विज्ञानमयाबरोबर बसतो. चौथा महाकारण मराठी संतांच्या मांडणीत ठळक दिसतो. दासबोधात त्याची जोड तुर्येशी, म्हणजे जागृती, स्वप्न आणि झोप यांच्यापलीकडच्या चौथ्या अवस्थेशी आहे. त्याच्यासमोर कोश कुठला लिहायचा? कुठलाच नाही. तो चौकोन रिकामा ठेवा. चूक तुमची नाही, एक्सेलचीही नाही.

पण पाच आणि चार जुळले म्हणून खूश होऊ नका. नोकरीत असताना तुमच्याकडे एकाच गावाचे निरनिराळे नकाशे येत असणार. तलाठ्याचा गटनकाशा, एस्टीच्या मार्गांचा आणि तुमच्या खात्याचा फीडरचा. गटनकाशावर ट्रान्सफॉर्मर सापडत नाही म्हणून तुम्ही तलाठ्याला खोटा ठरवत नाही, आणि तिन्ही नकाशे एकावर एक ठेवून रेघा जुळवायलाही बसत नाही. ज्याला जे काम, त्याचा तो नकाशा. सांख्य दर्शनवाल्यांना जन्मामागून जन्म कोण जातं ते सांगायचं होतं, म्हणून त्यांच्या लिंगशरीरात, म्हणजे सूक्ष्म देहात, बुद्धी, अहंकार, मन, दहा इंद्रियं आणि पाच तन्मात्रा (शब्द, स्पर्श वगैरेंची सूक्ष्म रूपं) अशी अठरा तत्त्वं आली. वेदान्तसार या ग्रंथात सूक्ष्म शरीराची अंगं सतरा. तिथे तन्मात्रांऐवजी पाच प्राण मोजले, आणि अहंकाराला वेगळा आकडा दिला नाही. एका तत्त्वाच्या फरकावरून या दोघांत कुणी डोकी फोडली नाहीत, कारण आकडा हा मुद्दाच नव्हता.

मुद्दा होता मागे टाकत जाण्याचा. भृगूची गोष्ट बघा. प्रत्येक पायरीवर त्याला वाटतं, सापडलं, आणि प्रत्येक वेळी वडील म्हणतात, अजून नाही. रामदासही पिंडाचे, म्हणजे माणसाचे, चार देह आणि ब्रह्मांडाचे चार देह असे आठ मोजतात. मोजतात ते निरसनासाठी. हाही मी नाही, तोही नाही, असं म्हणत जायचं आणि मोजणाऱ्याशीच येऊन थांबायचं. वाचनमंडळात तुम्ही हे ऐकलं असेलच. तुमच्या ऊर्जावर्गात याच याद्यांचं काय झालं पाहा. तिथे प्रत्येक देह सुट्या भागासारखा झाला आहे. त्याला फट पडते, तो झिजतो आणि त्याची दुरुस्ती होते, दुरुस्तीचं बिलही येतं. जो कोश ओलांडायचा त्यालाच ठिगळ लावायला ४५ हजार मागितले जाताहेत. माझी खरी तक्रार ही आहे. सात हा आकडा त्यामानाने बिचारा निरुपद्रवी आहे.

तरी सात आले कुठून ते सांगतो. त्याची मुळं निम्मी गिरगावात आहेत.

सात लोक आपल्याकडे जुनेच. संध्येत प्राणायाम करताना भूः, भुवः, स्वः, महः, जनः, तपः, सत्यम् या सात व्याहृती म्हणतात. पिंड-ब्रह्मांडाची जोडही परकी नाही, दासबोधातली आत्ताच पाहिली. पण सात लोकांना सात शरीरं बांधून, प्रत्येक शरीर कुठल्या स्तरावर कसं दिसतं याचं रंगीत वर्णन देणारी जी मांडणी तुमच्या वर्गात चालते, ती बव्हंशी थिऑसॉफीची. पूर्व-पश्चिमेचं अध्यात्म एकत्र गुंफू पाहणारी ही थिऑसॉफिकल सोसायटी १८७५ साली न्यूयॉर्कला निघाली. तिचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १८७९च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले आणि गिरगावात बिऱ्हाड केलं. त्याच साली ऑक्टोबरात त्यांचं ‘द थिऑसॉफिस्ट’ हे मासिक मुंबईत सुरू झालं. दामोदर मावळंकर नावाचा एक मराठी तरुण घरदार सोडून त्यांना मिळाला आणि मासिकाच्या कचेरीचं काम बघू लागला. १८८५ मध्ये तो गुरूंच्या शोधात दार्जिलिंगवरून तिबेटकडे निघाला, तो परत आला नाही. सोसायटी तोवर मद्रासजवळ अड्यारला गेली होती.

ब्लाव्हाट्स्कीबाईंनी माणसाची सात तत्त्वं मांडली: स्थूलशरीर, प्राण, लिंगशरीर, कामरूप, मनस्, बुद्धी, आत्मा. नावं सगळी आपली वाटतात. पण त्यांचं लिंगशरीर म्हणजे स्थूल देहाची सावलीसारखी प्रतिकृती, जिच्या साच्यावर देह घडतो. सांख्यांच्या अठरा तत्त्वांशी तिचा संबंध नाही. तुमचा तक्ता फसला तो इथे. तीच नावं दोन दुकानांत वेगवेगळ्या मालावर लावलेली होती. पुढे सोसायटीतल्याच ॲनी बेझंट आणि लेडबीटर यांनी त्यात इथरिक, ॲस्ट्रल, मेंटल, कॉझल असे थर पाडले आणि ते दिव्यदृष्टीने पाहिल्याचं सांगितलं. तुमच्या गुरुजींच्या स्लाइडवर हेच शब्द असणार, पैजेवर सांगतो.

हे आपल्याकडच्या कुणाला खटकलं नाही असं नाही. टी. सुब्बाराव हे मद्रासचे वकील, स्वतः सोसायटीतले आणि वेदान्तात मुरलेले. १८८६-८७च्या सुमारास अड्यारला गीतेवर व्याख्यानं देताना त्यांनी सात भागांची ही विभागणी सोयीची नाही असं म्हटलं. तीन उपाधी (आत्म्यावरची आवरणं) आणि आत्मा, एवढे चार पुरेत, हा त्यांचा आग्रह. त्यावरून बाईंशी त्यांचा छापील वादही झाला. म्हणजे तुमच्या डोक्यातला घोळ एकशे चाळीस वर्षं जुना आहे आणि तो घालणारी मंडळी चांगली जाणती होती. मी सुब्बारावांच्या बाजूचा.

थिऑसॉफिस्टांना मी लबाड मात्र म्हणणार नाही. लंडनमध्ये शिकणाऱ्या गांधींना गीता पहिल्यांदा वाचायला लावली ती दोन थिऑसॉफिस्ट भावांनी, असं गांधींनीच आत्मकथेत लिहिलंय. थिऑसॉफिस्टांनी जे केलं ते गोधडीचं काम. तुकडे खरे, शिवण त्यांची. शिवण त्यांची आहे एवढं लक्षात ठेवलं की झालं.

चक्रांचीही तीच कथा. सात चक्रं आणि इंद्रधनुष्याचे सात रंग असं चित्र तुमच्या वर्गाच्या पहिल्या स्लाइडवर असेल. चक्रांचं आज सगळीकडे चालणारं वर्णन बरंचसं पूर्णानंदांच्या षट्चक्रनिरूपणावरून आलं. तो ग्रंथ १५७७चा. नावातच सहा चक्रं आहेत, सहस्रार त्यांच्या वर. रंग पाहा: मणिपूर पावसाने ओथंबलेल्या मेघासारखं, तुमच्या स्लाइडवर पिवळं. अनाहत बंधूकाच्या, म्हणजे आपल्या दुपारीच्या फुलासारखं तांबडं, तुमच्या स्लाइडवर हिरवं. इंद्रधनुष्य विसाव्या शतकात पश्चिमेकडे चिकटलं. लेडबीटर तर १९२७च्या पुस्तकात स्वाधिष्ठानाच्या जागी प्लीहेचं चक्र घालून मोकळे झाले. आणि नाथपंथाकडे या, तर गोरक्षनाथांच्या नावावरच्या सिद्धसिद्धान्तपद्धतीत चक्रं नऊ. इथेही प्रत्येक परंपरेने आपल्या साधनेला लागतील तेवढी ठिकाणं धरली आहेत.

चक्रं शोधायला प्रत्यक्ष चाकू घेणाराही एक निघाला. स्वामी दयानंदांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय की तरुणपणी त्यांच्याजवळ हठयोगाची पुस्तकं होती, त्यातल्या नाड्या-चक्रांच्या वर्णनाबद्दल शंका होती. गंगेत एक प्रेत वाहत येताना दिसलं. ते त्यांनी काठाला ओढून आणलं, चाकूने चिरलं, काळीज बाहेर काढून न्याहाळलं, डोकं आणि मान तपासली, शेजारी पुस्तक उघडं ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली. काहीच जुळेना. तेव्हा पुस्तकं फाडून प्रेतासोबत नदीत सोडून दिली. हे आत्मचरित्र पहिल्यांदा छापलं कुठे? थिऑसॉफिस्टांच्या त्याच मुंबईच्या मासिकात! (दयानंद आणि थिऑसॉफिस्ट यांची दोस्ती पुढे १८८२ साली मोडली.) मला दयानंदांचा चाकू आवडतो, निष्कर्ष अर्धाच पटतो. शरीरात कमळं नाहीत हे त्यांनी दाखवलं, बरं झालं. पण ध्यानात मन जिथे ठेवायचं ती जागा प्रेतात सापडायला हवी, हा हट्ट कशासाठी? तुमच्या वर्गाची चूक नेमकी उलटी आहे. ध्यानासाठी कल्पायची गोष्ट ते कॅमेऱ्यात पकडायला निघालेत.

आता झिणझिण्या.

वेगाने आणि खोल श्वास घेत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, रक्ताचा आम्ल-अल्कली तोल सरकतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, जास्त झालं तर बोटं आखडतात. हे कुणालाही होतं, नास्तिकालासुद्धा. कुंडलिनी जागी झाल्याचं वर्णन वाचायचं असेल तर ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय काढा. कुंकवात न्हालेलं नागिणीचं पिल्लू वेटोळं घालून निजलेलं, ते जागं होतं आणि देहातलं मांस, सात धातू सगळं खाऊन-पिऊन टाकतं. ते वाचून झाल्यावर आपल्या ओठांच्या मुंग्यांना त्या रांगेत उभं करायचा धीर तुम्हाला होणार नाही. हठप्रदीपिकेत तर स्पष्ट बजावलंय की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करतात तसा श्वास वश करावा, नाहीतर तो साधकाचाच घात करतो. रक्तदाब असलेल्या माणसाने भस्त्रिकेसारखे जोरकस श्वासाचे प्रकार आणि लांब कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, डॉक्टरांना न विचारता करू नयेत, हे कुठलाही जबाबदार योगशिक्षक पहिल्याच दिवशी सांगतो. तुमच्या वर्गात तुम्हाला रक्तदाब आहे का, हे तरी कुणी विचारलं होतं का? हा प्रकार बंद करा.

वरून स्वतःला पाहिल्याचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. तुम्ही पाहिलंत म्हणजे पाहिलंत. पण जिनिव्हातल्या डॉक्टरांनी २००२ साली प्रसिद्ध केलेली एक नोंद सांगतो. अपस्माराच्या एका बाईच्या मेंदूत, उजव्या बाजूला एका ठरावीक जागी, सौम्य वीजप्रवाह दिला की ती म्हणायची, मी वर आहे आणि खाली पलंगावरचे माझे पाय आणि कमरेखालचा भाग दिसतोय. प्रवाह बंद, अनुभव बंद. वीज हा तुमचा विषय, मी जास्त बोलत नाही. यावरून आत्मा आहे की नाही हे ठरत नाही. एवढंच ठरतं की वरून दिसणं हा कुठल्या स्तरावर जाऊन आल्याचा दाखला नव्हे. अर्धवट झोपेत तरंगणं, अंगात कंप भरल्यासारखं वाटणं, गुणगुण ऐकू येणं हे झोप तुटलेल्यांना नेहमीच होतं. तुम्ही साडेतीनला उठता. झोपता किती वाजता ते पत्रात नाही, आणि मला त्याचीच शंका येते. त्याच सहाव्या अध्यायात युक्त आहार-विहार सांगताना ज्ञानेश्वर म्हणतात, ‘निद्रेही मानु दीजे’. झोपेलाही मान द्या. महिनाभर रात्री दहाला अंथरुणावर पडा, साडेपाचला उठा आणि मग बघा किती वेळा वर जाताय ते. अनुभव दिवसाही होऊ लागला, शुद्ध हरपल्यासारखं वाटलं किंवा भीती वाटू लागली तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवायचं, गुरुजींना नव्हे. गोळीसाठी फोन कराल तेव्हा डॉक्टरांच्या कानावर हेही घाला.

समजा, तुम्ही खरोखर कुठल्यातरी स्तरावर जाऊन आलात. मग पतंजली काय सांगतात? योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात एक सूत्र आहे: वरच्या स्थानांवरचे देव आमंत्रण देऊ लागले तर आसक्ती नको आणि गर्वही नको, नाहीतर पुन्हा अनिष्टात पडाल. त्यावरचं व्यासभाष्य आजच्या जाहिरातीसारखं आहे. देव म्हणतात, अहो इथे बसा, इथे रमा, हा भोग सुंदर, ही कन्या सुंदर, हे रसायन म्हातारपण आणि मरण टाळतं, हे आकाशात उडणारं यान, हे कल्पवृक्ष, ही मंदाकिनी. आणि साधकाने हे सगळं पाहून पुढे चालू पडायचं. पहिल्या पादात योगातले अडथळे मोजलेत त्यात भ्रान्तिदर्शन म्हणून एक आहेच. म्हणजे सूत्रकारांना असे अनुभव ठाऊक होते आणि त्यांनी त्याला प्रगतिपुस्तकात गुण दिले नाहीत.

ऑराच्या फोटोचं तंत्र तुम्हाला माझ्याहून लवकर कळेल. हात धातूच्या पट्ट्यांवर ठेवायला सांगितला होता ना? अशी यंत्रं त्वचेची विद्युत-वाहकता मोजतात आणि त्या आकड्यांवरून सॉफ्टवेअर चेहऱ्याभोवती रंग घालतं. तळहाताला घाम असेल तर वाहकता वाढते, हात कोरडा-थंड असेल तर कमी होते. रंग कॅमेऱ्याने पाहिलेले नसतात, भरलेले असतात. किर्लियन फोटो त्याहून जुना. सोव्हिएत रशियात किर्लियन दांपत्याने १९३९च्या सुमारास काढलेला तो प्रकार म्हणजे उच्च दाबाच्या विजेचा कोरोना डिस्चार्ज, म्हणजे हवेत दिसणारी चमक. पावसाळी रात्री इन्सुलेटरपाशी तुम्ही तो उघड्या डोळ्यांनी पाहिला असेल आणि त्याला कुणी ऑरा म्हटलं नसेल. करून बघायचंच असेल तर त्याच यंत्रावर दहा मिनिटांच्या अंतराने तीन फोटो काढून घ्या: एक हात पुसून, एक ओल्या फडक्याला लावून, एक गरम चहाचा कप धरल्यावर. राखाडी डाग तिन्हींत त्याच जागी आला तर मला परत लिहा. फोटोचे पैसे मात्र तुमचे तुम्ही भरा.

४५ हजार भरू नका. गुरुजींशी वाद घालायचीही गरज नाही. ‘डॉक्टरांनी सध्या सगळं बंद ठेवायला सांगितलंय’ एवढं म्हणा, ते खरंच असेल. त्यावर ‘फट वाढेल’, ‘अर्धवट सोडलं तर उलटेल’ असं काही आलं तर त्या क्षणी गटातून बाहेर पडा. भीती घालून पुढची पायरी विकणारा माणूस कोश चार सांगो की चौदा, त्याच्याकडून शिकण्यासारखं काही उरत नाही. शरीरावर योगाचा परिणाम मोजून बघण्याची तुमची भूक मात्र चांगली आहे, ती मारू नका. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून हेच केलं. उड्डियान आणि नौली या पोट आत ओढण्याच्या आणि घुसळण्याच्या क्रियांत पोटातला दाब कसा उतरतो ते उपकरण लावून मोजलं, क्ष-किरण फोटो काढले, आपल्या नियतकालिकात छापले. आकडा जिथे मोजता येतो तिथे मोजला.

वहिनींचं म्हणणं. ऊर्जावर्गाबद्दल त्या बरोबर आहेत, आणि तुमच्याआधी त्यांना कळलं हे मान्य करून टाका. दासबोधाला त्यांनी त्याच पोत्यात भरलंय ते मात्र मला पटत नाही. पण त्यांना असं का वाटलं असेल? दिवाळीपासून घरात देह, कोश, स्तर हेच ऐकू येतंय, पहाटे साडेतीनला दिवा लागतो, नवरा चहाला बोलत नाही आणि एक्सेल उघडून बसतो. या सगळ्यात दासबोध कुठला आणि स्लाइड कुठली हे त्यांनी कसं ओळखावं? त्यांना पटवायला जाऊ नका. शनिवारी वाचनाहून आलात की त्या दिवशी जे ऐकलं त्यातलं काहीतरी, निरूपण न करता, जेवताना सांगा. रामदासांना मूर्खांची लक्षणं सुचली आहेत, तिथून सुरुवात केलीत तर वहिनींना विषय आवडेल असा अंदाज आहे.

वाचनमंडळात पुढचा ग्रंथ निवडायची पाळी आली तर भृगुवल्ली सुचवा. छोटी आहे, मराठी अर्थासकट एका शनिवारात होते. सात शरीरांचा रकाना खोडू नका, त्याच्यावर ‘मुंबई-अड्यार, १८७९ नंतर’ असं लिहून ठेवा. पुढे कुणाला तोच प्रश्न पडला तर तुमचा तक्ता त्याच्या उपयोगी पडेल.